एआय स्क्राइब आणि व्हॉट्सॲप बॉट क्लिनिकमध्ये लावायचा का? कायद्याने चालतं का?

तालुक्याचा_जीपी
नमस्कार मंडळी. गावात जनरल प्रॅक्टिस आहे, ओपीडी सत्तर-ऐंशीची, पावसाळ्यात त्याच्याही वर. परवा एका कंपनीचा माणूस एआय स्क्राइबचा डेमो देऊन गेला. मोबाईल टेबलावर ठेवायचा, पेशंटशी नेहमीसारखं मराठीत बोलायचं आणि शेवटी केसपेपर इंग्रजीत तयार, कंप्लेंट, तपासणी, औषधं सगळं. खोटं कशाला बोलू, आवडलं मला, लिहून लिहून हात मोडतो हो. सोबत व्हॉट्सॲप बॉट फुकट देतोय, म्हणजे रात्री अकराला कुणी "डॉक्टर बाळाला ताप आहे काय देऊ" विचारलं की बॉटच औषध आणि डोस सांगणार. तिसरं म्हणजे आमच्या ग्रुपातले बरेच जण लॅब रिपोर्टचा फोटो सरळ चॅटजीपीटीला टाकून मत घेतात. यातलं कायद्यात बसतं काय आणि अंगाशी येतं काय? "सगळे वापरतात" हे उत्तर नको, ते कंपनीवाल्याने दिलंय.

स्टेथो_आणि_कोट
डॉक्टर, बॉटचं आधी, कारण त्यात शंकाच नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार) गाइडलाइन्समध्ये सरळ लिहिलंय की एआयने पेशंटला सल्लाही द्यायचा नाही आणि औषधही लिहायचं नाही, डॉक्टरला मदत करू शकतं पण प्रिस्क्रिप्शन आणि सल्ला डॉक्टरनेच थेट द्यायचा. त्यामुळे तापाला डोस सांगणारा बॉट तुमच्या नावाने चालला तर उद्या मेडिकल कौन्सिलपुढे कंपनी नाही, तुम्ही उभे. अपॉइंटमेंट, "उद्या उपाशीपोटी या", लसीची आठवण एवढ्यापुरता ठेवा आणि वर "तातडीचं असेल तर १०८ ला फोन करा" हे टाका.

रिपोर्टच्या फोटोवर नाव, वय, मोबाईल नंबर, कधी कधी पत्तासुद्धा असतो. लोकांना वाटतं डेटाचे कायदे मोठ्या हॉस्पिटलांना, पण आयटी कायद्याच्या कलम ४३ए मध्ये एकट्याचा व्यवसायसुद्धा धरलाय आणि २०११ च्या नियमांत मेडिकल रेकॉर्ड संवेदनशील माहितीत येतं. शिवाय २०२३ चा डीपीडीपी, म्हणजे वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याने दीड वर्षाने लागू होतायत, आणि डेटा नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटींपर्यंत. तुम्हाला कुणी २५० कोटी लावणार नाही, पण आकडा वाचून कंपनीवाल्याचा चेहरा कसा होतो ते बघा एकदा. संमतीची सूचना पेशंटला मराठीतून मागता येते, आणि दिलेली संमती तो परतही घेऊ शकतो.

गप्प_बसणारा_एमडी
चॅटजीपीटीत ट्रेनिंगला डेटा देण्याचं सेटिंग आहे, ते बंद करा. पण बंद केलं तरी फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातोच. नाव-नंबर कापा आणि "५२ वर्षांचा पुरुष, क्रिएटिनिन १.८, मेटफॉर्मिन चालू" एवढंच टाइप करा. प्रश्न तेवढ्यावरच सुटतो, नाव कशाला लागतं?

संधिवातवाली_मॅडम
मी असलंच एक स्क्राइब ॲप वापरतेय, नाव घेत नाही. वेळ वाचतो, खरंच वाचतो. पण एक किस्सा सांगते. मेथोट्रेक्सेट, म्हणजे संधिवाताची आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, चालू असलेल्या पेशंटला मी म्हटलं, "ही गोळी फक्त रविवारी, रोज घ्यायची नाही, दुसरी फॉलिक ॲसिडची मंगळवारी." ड्राफ्टमध्ये आलं, मेथोट्रेक्सेट रोज एक. "नाही" कुठे गेलं कुणास ठाऊक, मागे पंखा आणि बाहेर रिक्षावाला. वाचलं म्हणून दिसलं, सत्तर पेशंटांच्या गर्दीत वाचलं असतं का ते माझं मला माहीत. रोज घेतली तर माणूस हातचा जातो या औषधाने. त्यामुळे औषधाच्या ओळी मी ॲपला लिहूच देत नाही, त्या हातानेच.

दुसरं म्हणजे ते न केलेली तपासणीही लिहून टाकतं. "छाती क्लिअर, पोट मऊ" असं छान वाक्य येतं आणि आपण स्टेथो लावलेलाच नसतो, पेशंट नुसता रिपोर्ट दाखवायला आलेला असतो.

स्टेथो_आणि_कोट
मॅडम, कोर्टाच्या दृष्टीने हे दुसरं जास्त वाईट. चुकीचा डोस ही चूक, पण न केलेली तपासणी तुमच्या सहीने कागदावर म्हणजे खोटं रेकॉर्ड. केस चालते ती कागदावर. सुप्रीम कोर्टाच्या व्ही. पी. शांता निकालापासून, म्हणजे १९९५ पासून, आपण ग्राहक कायद्याखाली आहोतच आणि "मशीनने लिहिलं" हा बचाव मला तरी उभा राहताना दिसत नाही, सही कुणाची हेच विचारतील. अन् मशीन कुठल्याही कंपनीचं असो, २०२४ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी ओपनएआयचं व्हिस्पर, म्हणजे बोलणं ऐकून लिहिणारं मशीन, तपासलं तेव्हा साधारण एक टक्का ऑडिओत कुणी न बोललेली वाक्यं निघाली होती. ती इंग्रजीची गोष्ट, आपल्या बार्शी-लातूरच्या बोलीचा हिशोब कुणी केलाय?

क्ष_किरण
सगळं एआय एका तराजूत घालू नका राव. छातीच्या एक्स-रेवर टीबीचा संशय दाखवणारं सॉफ्टवेअर १५ वर्षांवरच्या लोकांत स्क्रीनिंगला वापरावं असं डब्ल्यूएचओनेच २०२१ मध्ये सांगितलंय. पण ते एका कामासाठी तपासलेलं. निदानाचा दावा करणारं सॉफ्टवेअर भारतात मेडिकल डिव्हाइसमध्ये येतं, म्हणजे सीडीएससीओचं, केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेचं, लायसन्स विचारा. "आमचं सगळं करतं" म्हणणाऱ्याकडे हा प्रश्न टाकला की बहुतेक वेळा विषय बदलतो.

तालुक्याचा_जीपी
सगळ्यांचे आभार. बॉटला नाही म्हणून कळवलं. स्क्राइबबद्दल एक अडचण राहिली. आमच्याकडे खोलीत एका वेळी तीन पेशंट असतात, एक स्टुलावर, एक बेडवर सलाईनला आणि एक दारात रिपोर्ट घेऊन उभा. संमती एकाची घेतली तरी रेकॉर्डिंग तिघांचं होणार ना?

संधिवातवाली_मॅडम
होणारच. मी म्हणून खोलीत रेकॉर्डिंग लावतच नाही. पेशंट बाहेर गेला की दार लोटून मीच दोन-तीन वाक्यांत डिक्टेट करते, नाव न घेता, केसपेपरचा नंबर बोलते. पंखा तेवढा बंद करा.

स्टेथो_आणि_कोट
हे बेस्ट. तरी ऑडिओ किती दिवस ठेवतात, सर्व्हर कुठे, तुम्ही सोडून गेलात तर डेटा पुसणार का, हे करारात लेखी घ्या. आणि केसपेपर तुमच्याकडे वेगळा राहू दे, भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं आणि पेशंटने रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यायचं ही जबाबदारी मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांपासून आपलीच आहे, ॲपचं सबस्क्रिप्शन संपलं तरी.

तालुक्याचा_जीपी
करार मागितला तर म्हणतो "सर तो ॲपमध्येच आहे, ॲग्री दाबा." दाबलं नाही अजून.