पंखावरची 'पायरी': जुनं फायबरग्लास ग्लायडर, सल्ला हवा

नवशिक्या_वैमानिक:
आम्ही चौघांनी मिळून १९७० च्या दशकातलं १५ मीटरचं स्टँडर्ड क्लास ग्लायडर घेतलंय. काल हँगरमध्ये पंख पुसत होतो. वरच्या पृष्ठभागावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं होतं, ते पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर मोडल्यासारखं दिसलं. ही रेष मुळापासून जवळजवळ टोकापर्यंत जाते. नाण्याने ठोकून पाहिलं, आवाज कुठे बद्द येत नाही. आत काही सुटलंय का? की नुसता रंगाचा दोष?

साचेकार:
रेष स्पारच्या, म्हणजे पंखाच्या आतल्या लांब मुख्य कण्याच्या, बरोबर वर असणार. घाबरू नका, या वयाच्या बहुतेक पंखांवर ती दिसते. तरी तपासनिसाला एकदा दाखवाच. फोटोवरून पंख पास करणारा माणूस मी नव्हे.

होतं काय, की स्पारच्या पट्टीत काचेच्या धाग्यांचे जाड जुडगे रेझिनमध्ये भिजवून घातलेले असतात. तिच्या दोन्ही बाजूंना सँडविच, म्हणजे काचेचा पातळ थर, मधे फोम किंवा बाल्सा, आणि पुन्हा पातळ थर. रेझिन आकसतं, आणि त्यातलं थोडं आकसणं पंख साच्यातून निघाल्यावरही चालू राहतं. जाड पट्टी आणि सँडविच सारखे आकसत नाहीत. साच्यातून आरशासारखा निघालेला पंख काही वर्षांनी आतला सांगाडा असा बाहेर दाखवायला लागतो.

गंमत म्हणजे फायबरग्लास आलं तेच मुळी या पृष्ठभागासाठी. लोक वजनाचं कौतुक करतात, मला ते दुय्यम वाटतं. लाकडी पंखाचा प्लाय फासळ्यांच्या मधे बसतो, दमट हवेत फुगतो. लॅमिनार प्रोफाइलला हे चालत नाही, कारण पंखाला चिकटून सरळ वाहणारी हवा एवढ्याशा लाटेवरही विस्कटते. कागदावरचा वक्र पंखावर जसाच्या तसा उतरवायचा तर साचाच हवा. श्टुटगार्टमध्ये एप्लर आणि नेगेले यांनी बाल्सा आणि काच वापरून 'फिनिक्स' बनवलं, ते १९५७ च्या नोव्हेंबरात उडालं. फायबरग्लासचं ते पहिलं ग्लायडर. मग १९६४ मध्ये डार्मश्टाटच्या विद्यार्थ्यांचं डी-३६. त्या पोरांपैकी लेम्के, वाइबेल आणि होलिगहाउस पुढे तीन वेगवेगळ्या कारखान्यांत गेले आणि स्पर्धेत एकमेकांसमोर उभी राहणारी ग्लायडरं काढू लागले. होलिगहाउसचं स्टँडर्ड सिरस १९६९ चं. तुमचं ग्लायडर त्याच पिढीतलं दिसतंय.

थर्मलवाला:
मग वॉटर पेपर घेऊन घासून टाकायचं की! आमच्याकडे दोन शनिवार-रविवारात झालं होतं.

साचेकार:
असंच म्हणून मीही एकदा घासलं होतं. हाताखाली मऊ रबरी ठोकळा, उत्साह भरपूर. पांढऱ्या पाण्यात अचानक करडी छटा दिसली, तोवर जेलकोट, म्हणजे वरचा पांढरा थर, संपून काचेच्या कापडाची वीण उघडी पडली होती. उंचवट्यावर जेलकोट आधी संपतो, हे तेव्हा कळलं. पुढचा महिना तेवढा तुकडा दुरुस्त करण्यात गेला.

आधी मोजा. दोन पायांच्या पट्टीवर मधोमध डायल गेज बसवा आणि पुढच्या कडेकडून मागे हळू सरकवा. काटा नाचेल तिथे पेन्सिलने खूण करा. पायांत ५ सेंटीमीटर अंतर ठेवून काटा ०.१ मिलिमीटरच्या आत राहिला, तर मी हात लावत नाही. जास्त असेल तर खळगा भरायचा, उंचवटा खरवडायचा नाही. ठोकळा लांब आणि कडक हवा. घासायचं तिरकं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

एलेरॉनवर, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीवर, भरलेला आणि फवारलेला प्रत्येक ग्रॅम बिजागरीच्या मागे जातो. काम झालं की ते काढून वजन आणि समतोल मॅन्युअलमधल्या मर्यादेत आहे का, हे पाहायलाच हवं. नाहीतर वेगात फ्लटर, म्हणजे ती फळी आणि पंख बेफाम थरथरायला लागतात. थर्मलवाला, तुमच्याकडे पाहिलं होतं का?

थर्मलवाला:
…तपासनिसाने पाहिलं होतं. मी नव्हतो तेव्हा.

नवशिक्या_वैमानिक:
खूप आभार काका. आणखी एक. आधीच्या मालकाने पंखावर मुळाजवळ गडद निळा पट्टा मारलाय. दिसतो छान. ठेवू ना?

साचेकार:
काढा. त्या काळच्या रेझिनची मजबुती साधारण ५४ अंश सेल्सियसपर्यंतच धरलेली असते, तापलं की ते मऊ पडायला लागतं. पांढरा रंग हौस म्हणून नाही, ऊन परतवायला आहे. मुळाशी स्पारवर सगळ्यात जास्त ताण, आणि नेमका तिथेच गडद पट्टा! पंखाच्या टोकाला किंवा रडरवर (शेपटीच्या उभ्या सुकाणूवर) रंग चालतो का, ते मॅन्युअलमध्ये बघा. आणि पट्टा काढल्यावर तिथेही गेज फिरवा. ती पायरी त्याच भागात जास्त निघाली तर मला कळवा.