युरोपची ट्युलिप सहल बडोद्याहून: ६ एप्रिल की २८ एप्रिल?

सूरसागरकाठ
दोन पत्रकं समोर आहेत, दोन्ही दहा दिवसांची, अहमदाबादहून. क्रम सारखाच: पॅरिस तीन रात्री, ब्रुसेल्स एक, ॲम्स्टरडॅम तीन, कोलोन एक. एक सहल ६ एप्रिलला निघते, दुसरी २८ एप्रिलला, आणि दुसरी माणशी बावीस हजारांनी महाग. दोन्हींवर “क्युकेनहॉफ आणि ट्युलिपची शेतं, लूव्र, राइक्सम्युझियम, पवनचक्क्या” असं छापलंय. आम्ही दोघं आणि सासू-सासरे. सासरे सत्तरीचे, गुडघा दुखरा. फुलं नक्की कुठल्या तारखेला मिळतील? जास्तीचे पैसे त्यासाठी मोजावेत का? म्युझियमची तिकिटं आधी काढावी लागतात का?

मळेवाला
निघण्याची तारीख बाजूला ठेवा. हॉलंडमधले तीन दिवस कोणते, तेवढंच बघा. पहिल्या सहलीत ते ११ ते १४ एप्रिल येतात, दुसरीत ३ ते ६ मे. एक थोडी लवकर, दुसरी थोडी उशिरा.

बाग आणि शेतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पत्रकवाले त्या मुद्दाम एका ओळीत छापतात. क्युकेनहॉफ ही लिस गावातली ३२ हेक्टरची बाग, वर्षातून साधारण आठच आठवडे उघडी: मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. तिथे दर शरदात सुमारे ७० लाख कंद हातांनी लावतात, तेही थरांनी. उशिरा फुलणारे ट्युलिप सर्वांत खाली, लवकर फुलणारे त्यांच्या वर, क्रोकस सर्वांत वर. एक बहर ओसरला की त्याच वाफ्यातून दुसरा वर येतो. शिवाय बंदिस्त दालनांत फुलं असतातच. त्यामुळे बाग कुठल्याही तारखेला रिकामी दिसत नाही.

शेताचं गणित उलटं. शेतकऱ्याला फूल विकायचं नसतं, कंद विकायचा असतो. फूल पूर्ण उमललं, जात तपासून झाली, रोगट झाडं उपटली, की यंत्राने फुलांची मुंडकी छाटतात, म्हणजे झाडाची ताकद बी धरण्यात न जाता कंदात उतरते. काल लाल असलेला पट्टा आज नुसता हिरवा दिसतो तो यामुळे. मार्चअखेर डॅफोडिल, मग हायसिंथ, आणि ट्युलिपची शेतं भरात येतात ती एप्रिलच्या मध्यापासून. मेच्या पहिल्या आठवड्यात बरीच शेतं छाटलेली असतात. थंडी लांबली की हे सगळं आठ-दहा दिवस पुढे सरकतं, उबदार मार्च आला की मागे. म्हणून शेतांची हमी कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

निवड मोकळी असेल तर हॉलंडचे दिवस १८ ते २५ एप्रिलमध्ये पाडा. २७ एप्रिलला तिथे राजाचा वाढदिवस (तो रविवारी आला तर आदल्या दिवशी). त्या दिवशी ॲम्स्टरडॅममध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि मध्यभागातल्या ट्राम बंद असतात.

आणखी एक. इंटरनेटवर मिळणाऱ्या “सुंदर शेत इथे आहे” या खुणांवर जाऊ नका. जमिनीत रोग साचू नये म्हणून पीक फिरवतात, गेल्या वर्षी ट्युलिप असलेल्या जागी यंदा दुसरंच काही असतं. शेतात उतरायचं नाही, बांधावरूनच फोटो. बुटांच्या मातीतून रोग पसरतो आणि तिथले शेतकरी यावर खरोखर चिडतात.

चित्रशाळा
फुलांचं वर आलंच आहे. पण २८ एप्रिलच्या पत्रकात मोठी चूक आहे, ती कुणी पाहिली नाही. तुम्ही २९ ला पॅरिसला उतरणार, म्हणजे १ मे पॅरिसमध्ये. त्या दिवशी लूव्र बंद, ओर्से म्युझियम बंद, व्हर्सायचा राजवाडा बंद. एरवीही लूव्र मंगळवारी बंद असतं, ओर्से आणि व्हर्साय सोमवारी. उरलेल्या दीड दिवसात त्यातला एखादा वार आला तर तेवढं म्युझियम गेलंच समजा. कंपनीला विचारा: लूव्र आतून, की काचेच्या पिरॅमिडसमोर फोटो? “दर्शन” असा शब्द असेल तर बहुधा दुसरं.

याच २८ च्या सहलीचा क्रम उलटा मिळाला तर दोन्ही प्रश्न सुटतात: आधी ॲम्स्टरडॅम, मग कोलोन, ब्रुसेल्स, शेवटी पॅरिस. मग हॉलंड २९ एप्रिल ते २ मे. फुलांची शक्यता बरीच सुधारते, आणि १ मे तिथे सुट्टीचा दिवस नाही, सगळं उघडं. तुमच्या चौघांसाठी कंपनी क्रम बदलणार नाही, पण अशा क्रमाची तारीख आहे का ते विचारता येतं.

तिकिटं: व्हॅन गॉग म्युझियमची फक्त ऑनलाइन, ठरावीक वेळेची. दारावर मिळत नाहीत. राइक्सम्युझियमलाही वेळ घ्यावी लागते. ॲन फ्रँकचं घर सर्वांत अवघड: दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची तिकिटं सुटतात आणि लगेच संपतात. मोकळा वेळ असलेली दुपार आधी पक्की करा, मग त्या मंगळवारी लॉगिन करून बसा. क्युकेनहॉफच्या तिकिटावरही आत शिरण्याची वेळ असते. सकाळी साडेदहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर गर्दी कमी. बाग साडेसातपर्यंत उघडी असते आणि एप्रिलअखेर सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चारची वेळ अजिबात वाईट नाही.

कोणतं चित्र कुठे, हे आधी बघून जा. मोत्याच्या कुड्यावाली मुलगी ॲम्स्टरडॅमला नाही, हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये आहे (सोमवारी ते दुपारी एकला उघडतं). व्हर्मीरची दूध ओतणारी बाई मात्र राइक्समध्ये. व्हॅन गॉगची भोवऱ्यांच्या आकाशाची रात्र न्यूयॉर्कला आहे, ॲम्स्टरडॅमला सूर्यफुलं बघा. रेम्ब्रांटच्या १६४२ च्या ‘नाइट वॉच’वर काचेच्या खोलीत लोकांसमोर दुरुस्तीचं काम चालू आहे, समोर उपकरणं दिसली तर फसवणूक समजू नका. जाण्याआधी एक रविवार कमाटीबागेतल्या आपल्या चित्रदालनात घालवा. तिथली युरोपीय तैलचित्रं बघितलेला माणूस राइक्समध्ये लवकर थकत नाही.

सूरसागरकाठ
१ मेचं लक्षातच आलं नव्हतं. आज विचारते त्यांना. क्रम उलटा झाला तर व्हिसा कुठल्या देशाचा? आणि गुडघा, खाणं याचं काय?

रावपुरा_नाका
ताई, या सगळ्या देशांना मिळून एकच व्हिसा चालतो, शेंगेन. तो काढायचा जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाचा. दिवस समान पडले तर जिथून आत शिरणार त्या देशाचा. तुमच्या पत्रकात पॅरिस आणि ॲम्स्टरडॅम तीन-तीन रात्री, म्हणजे सुलट क्रमात फ्रान्स, उलट्या क्रमात नेदरलँड्स (म्हणजे हॉलंड). म्हणून आधी क्रम पक्का करा, मगच अर्ज. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळी गर्दीत अहमदाबादच्या केंद्रातल्या वेळा भरून जातात, तेव्हा जानेवारीतच हात घाला. शुल्क मोठ्यांना ९० युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३० हजार युरोचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. सासू-सासऱ्यांनी याआधी शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले असतील आणि त्याला ५९ महिने झाले नसतील तर ते सहसा पुन्हा लागत नाहीत.

गुडघा: विमानासाठी चाकाची खुर्ची ४८ तास आधी सांगा, आयत्या वेळी खोळंबा होतो. क्युकेनहॉफमध्ये रस्ते सपाट आहेत पण एकूण १५ किलोमीटर, तिथेही खुर्ची मिळते, आधी नोंदवा. लूव्रमध्येही मिळते. त्रास होतो तो ब्रुसेल्सच्या ग्रां प्लास या मुख्य चौकाच्या दगडी फरशीवर, चाकं खडखडतात. ॲम्स्टरडॅमच्या कालव्याकाठची जुनी हॉटेलं टाळा: जिने शिडीसारखे उभे आणि कित्येकांना लिफ्ट नाही.

शेतं बघायला सायकल तुमच्यासाठी, सासऱ्यांसाठी लायडन ते हार्लेम ही लोकल. खिडकीतून कंदांची शेतं दिसतात. हॉलंडमध्ये रेल्वे-बसला बँकेचं कार्ड टेकवून चढता येतं, पण माणशी एक कार्ड हवं आणि उतरताना पुन्हा टेकवायचं. विसरलात तर जास्तीची ठरावीक रक्कम कापली जाते. बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार आणि टेकवून पैसे देण्याची सोय, दोन्ही इथूनच चालू करून जा.

भाकरवडी
खाण्याचं मी सांगतो. भाकरवडी, खाकरा, थेपले, लीला चिवडा न्या, काही अडचण नाही. पेढे, तूप, पनीर, मिल्क पावडर नेऊ नका: युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे, चहासाठी नेलेली पावडरही त्यातच. लिंबं, मिरच्या, कढीपत्ताही नको, ताज्या भाजी-फळांना रोगमुक्ततेचा दाखला लागतो (केळी, नारळ, अननस, खजूर यांना सूट). ॲम्स्टरडॅम आणि हेगला सुरीनामी (दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममधून आलेल्या) हिंदुस्थानी लोकांची रोटीची दुकानं आहेत, भोजपुरी वंशाचे लोक. शाकाहारी थाळी मिळते, पण बटाट्यासोबत उकडलेलं अंडं ठेवायची रीत आहे, आधी सांगा. सासूबाई कडक शाकाहारी असतील तर चीज घेताना वेष्टणावर “वेखेतारिस स्ट्रेमसेल” लिहिलंय का बघा, नाहीतर विरजण वासराच्या आतड्याचं असू शकतं.

मळेवाला
विरजण नव्हे, रेनेट. दूध फाडायला लागतं ते, आणि ते वासराच्या पोटातून काढतात. बाकी बरोबर.

पत्रकातल्या “पवनचक्क्या” म्हणजे बहुतेक झान्से स्खान्स, ॲम्स्टरडॅमजवळचं. तिथल्या बऱ्याच इमारती १९६० नंतर इतरत्रून उचलून आणलेल्या. युनेस्कोच्या यादीत १९९७ पासून आहे ते किंडरडाइक, रॉटरडॅमजवळ, १९ पवनचक्क्या मूळ जागीच. खोलगट जमिनीतलं पाणी टप्प्याटप्प्याने वर उपसून नदीत सोडायची ती व्यवस्था होती. मोकळा दिवस मिळाला तर रॉटरडॅमहून बोटीने जा.

आणि परत येताना कंद आणू नका. लागवडीचा माल म्हणून भारतात आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. शिवाय ट्युलिपला फुलायला तीनेक महिने ९ अंशांखालची थंडी लागते. बडोद्यात ती फक्त फ्रिजमध्ये मिळते, आणि तिथेही सफरचंदं शेजारी ठेवलीत तर त्यांच्या वायूने आतली कळी जळते.