लग्नपत्रिकेतले लपेटीदार अक्षर: शोभा की अडसर?

कसबेकर:
भाचीच्या लग्नपत्रिकेचे नमुने पाहायला गेल्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात गेलो होतो. एका नमुन्यात सगळा मजकूर, अगदी मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्तासुद्धा, हस्ताक्षरासारख्या लपेटीदार फाँटमध्ये लावलेला होता आणि त्यातले ‘खरे’ हे आडनाव मी आधी ‘रवरे’ असे वाचले. ‘ख’चा खालचा सांधा सुटला की त्याचा ‘रव’ होतो. शिरोरेषा गाळली की ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरकही धूसर होतो. असे अक्षर वधूवरांच्या नावांपुरतेच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या मजकुराच्या भरवशावर सत्तरीतल्या आत्याबाईंना रिक्षा करून कार्यालय गाठायचे आहे, तो सरळ आणि ठसठशीत अक्षरातच हवा.

बोरूवाला:
आपली अडचण खरी आहे, परंतु तिचे खापर हस्ताक्षरी फाँटवर फोडणे मला पटत नाही. देवनागरीतली जाड-बारीक रेघ मुळात तिरक्या तासलेल्या बोरूतून, म्हणजे वेताच्या लेखणीतून, आली आहे. हाताचे वळण ही या लिपीला वरून चिकटवलेली सजावट नव्हे. रोमन लिपीत फ्रेंच अक्षररचनाकार रॉजे एक्सकोफाँ यांनी १९५३ साली स्वतःच्या हस्ताक्षरावरून ‘मिस्त्राल’ हा फाँट घडवला, तो शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे एकेका अक्षराच्या सुट्या ठशांत, आणि तरीही त्यातली अक्षरे हाताने जोडून लिहिल्यासारखी दिसतात. जर्मन अक्षररचनाकार हर्मान झाप्फ यांच्या १९९८ च्या ‘झाप्फिनो’ फाँटमध्ये तर एकेका अक्षराची अनेक रूपे आहेत, कारण हाताने लिहिलेली दोन अक्षरे कधीच तंतोतंत सारखी नसतात. आपल्याकडच्या पत्रिकांत मात्र ‘काका-काकू’मधले चारही ‘क’ एकाच साच्यातून काढल्यासारखे उमटतात. उणीव असेल तर ती कारागिरीची आहे, आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे अधिक चांगले फाँट घडवणे, त्यांना कोपऱ्यात बसवणे नव्हे.

खिळेजुळारी:
छपाईच्या धंद्यात उभे आयुष्य गेल्यामुळे मी कसबेकरांच्या बाजूने आहे. चांगला फाँट घडेल तेव्हा घडेल, पण गिऱ्हाईक आज समोर उभे असते. कित्येक शोभिवंत फाँटांत मराठीचा आडवा ‘र’च नसतो, त्यामुळे ‘गोऱ्हे’ हे आडनाव ‘गोर्हे’ असे रफार घेऊन छापले जाते आणि यजमानांच्या घरी तो अपमान वाटतो. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ २००९ च्या शासननिर्णयाने मराठीसाठी प्रमाण ठरवले, तरी या फाँटांत बहुधा हिंदी वळणाचीच रूपे मिळतात. म्हणून फाँट निवडण्यापूर्वी मी यजमानांची सगळी आडनावे त्यात लावून पाहतो.

बोरूवाला:
‘गोऱ्हे’ या नावापुढे माझा युक्तिवाद टिकत नाही, हे मान्य करतो. मुहूर्त, पत्ता आणि आडनावे सरळ अक्षरात ठेवावीत. मात्र ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ही ओळ मी वळणदार अक्षरातच लावीन, कारण ती ओळ घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातची वाटली पाहिजे.