मोदकांचं ताट आणि आपला कॅरम बोर्ड

सोसायटी ग्रुप, शुक्रवार

बी-३०२ (सकाळी ७.१२)
सुप्रभात. काल रात्री आरतीनंतर क्लबहाऊसमधला कॅरम बोर्ड प्रसादाचं टेबल म्हणून वापरला गेला. आत्ता बघून आले. मधल्या वर्तुळाच्या डावीकडे ताटाएवढा पांढरट गोल उमटलाय, आणि त्यावरून बोट फिरवलं की कड हाताला लागते. कोणावर रागवायचं म्हणून लिहीत नाहीये. पण मनाला फार लागलं, म्हणून लिहिलं.

सेक्रेटरी (७.३०)
ताई, ऑफिसला निघालोय, संध्याकाळी बघतो. काल गर्दीच एवढी होती की कोणी काय कुठे ठेवलं कळलंच नाही.

सी-१०१, चिनूचे बाबा (७.४१)
रविवारी फायनल आहे ना? चिनू शाळेला जाताना बोर्ड बघून आली. डबा न घेताच निघाली होती, तिच्या मागे धावलो.

ए-५०१ काका (८.०५)
डागाचं एवढं काय? आम्ही लहानपणी कडा उखडलेल्या बोर्डवर खेळलो आहोत. वर पावडर टाकली की सगळं सारखं होतं.

बी-३०२ (८.२२)
काका, तुम्ही मोठे आहात, उलट बोलत नाही. पण पावडरने हे झाकलं जाणार नाही. सोंगटीचं वजन पाच ते साडेपाच ग्रॅम. एवढी हलकी वस्तू सरळ जाते ती खालचा पृष्ठभाग एकसारखा आहे म्हणूनच. गरम ताटाची वाफ पॉलिशखाली गेली की पॉलिश पांढरं पडतं, आणि प्लायने पाणी प्यायलं तर वरचा थर फुगतो. सोंगटी त्या कडेवर आली की वळते. जोरात मारलेल्या फटक्यात ते कळत नाही. पण कट मारून हळूच भोकाच्या तोंडाशी न्यायची असेल तर केसाएवढा उंचवटाही पुरतो. पावडरने घर्षण कमी होतं म्हणून सोंगटी सरकते, पण उंचवटा काही पावडरने भरून निघत नाही. उलट जास्त टाकली की तिथे थर बसतो आणि बोर्ड आणखी मंदावतो. स्पर्धेच्या बोर्डची परीक्षाच अशी असते की पूर्ण ताकदीने मारलेला १५ ग्रॅमचा स्ट्रायकर समोरासमोर निदान साडेतीन फेऱ्या फिरला पाहिजे. आज सकाळी मी मारून बघितला. दोन फेऱ्यांतच थांबला. यात पावसाळ्याचा दमटपणाही आहे, सगळा दोष ताटाचा नाही.

ए-२०४ काकू (९.१०)
ते ताट मी ठेवलं गं. मोदकपात्रातून काढून तसंच खाली आणलं होतं. हात भाजत होते, समोर बोर्ड दिसला आणि ठेवून दिलं. खाली कापड घालायचंही सुचलं नाही. माझ्या चुकीने पोरीची फायनल बिघडली तर मला चैन पडणार नाही. दुरुस्तीचे पैसे मी देते.

बी-३०२ (९.१८)
काकू, पैशांचं मनातही आणू नका. तुमच्या मोदकांसाठी मी स्वतः दोनदा रांगेत उभी होते. त्या गर्दीत गरम ताट हातात असतं तर मीही तेच केलं असतं. चूक आपल्या सगळ्यांची आहे. बोर्ड वर्षभर उघडा पडलेला असतो, त्यावर कधी पेपर, कधी लाईटच्या माळा, कधी कोणाचं हेल्मेट. रिकामं टेबल दिसलं की माणूस त्यावर वस्तू ठेवणारच.

बी-४०४ (९.४०)
पावडरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जून महिन्यात बोर्डखाली सांडलेल्या पावडरवरून माझा पाय घसरला होता. टेकायला गेलो आणि मनगट मुरगळलं, तीन आठवडे पट्टा बांधून होतो. फरशी पुसायची जबाबदारी कोणाची, हेही ठरवा.

बी-३०२ (९.५२)
ठरवायलाच हवं. त्या दिवशी शेवटचा गेम माझाच होता, आणि मी पुसलं नव्हतं. तेव्हाच माफी मागायला हवी होती, आज मागते. यापुढे शेवटी खेळणाऱ्याने फरशी ओल्या फडक्याने आणि बोर्ड कोरड्या मऊ कापडाने पुसायचा. बोर्डला ओलं फडकं कधीच लावायचं नाही. आणि आपल्याकडे बोरीक पावडर आहे, ती पोटात जाणं चांगलं नाही. डबा वरच्या फळीवर राहील आणि मुलं खेळून उठली की हात धुतील. हे मी रोज संध्याकाळी स्वतः बघेन.

सी-१०१, चिनूचे बाबा (१०.१५)
ताई, चिनूचा प्रश्न आहे. फायनलला राणीचे पॉइंट किती धरायचे? घरी आम्ही काळी १०, पांढरी २० आणि राणी ५० असं खेळतो.

ए-५०१ काका (१०.१९)
राणीचे पाचच. आमच्या काळापासून पाच.

बी-३०२ (१०.३४)
घरी जे खेळता ते खुशाल खेळा, त्यात मजाच आहे. आमच्या चाळीतही प्रत्येक मजल्याचे नियम वेगळे होते. पण आंतरराष्ट्रीय कॅरम फेडरेशनच्या नियमात राणीचे तीन पॉइंट आहेत, आणि तेही जिंकणाऱ्याने राणी घेऊन कव्हर केली, म्हणजे तिच्यामागोमाग आपली सोंगटी घेतली असेल तरच. शिवाय त्याचे पॉइंट २२ झाले की राणीचे मिळत नाहीत. समोरच्याच्या जेवढ्या सोंगट्या बोर्डवर उरतील तेवढे आपले पॉइंट. गेम २५ पॉइंटांचा किंवा आठ बोर्डांचा (म्हणजे आठ डावांचा), जे आधी होईल ते. राणी घेतल्यावर लगेच पुढच्याच फटक्याला आपली सोंगटी गेली नाही तर राणी परत मध्ये येते.
आणखी एक. मारताना स्ट्रायकर आपल्या बाजूच्या दोन्ही रेषांना टेकलाच पाहिजे. टोकाच्या लाल गोलावर ठेवलात तर गोल पूर्ण झाकायचा, नाहीतर त्याला शिवायचंच नाही. चिनूचं इथे चुकतं, अर्धा गोल झाकून मारते. तिला आजच सांगा, फायनलमध्ये फाऊल दिला तर रडेल.

ए-५०१ काका (१०.५०)
तीन तर तीन. नियम लिहिलेला असला की भांडण होत नाही.

सेक्रेटरी (दुपारी १.०५)
जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. बजेटमध्ये नवीन बोर्डचे पैसे नाहीत. मंडपाचा खर्च वाढलाय. खरं सांगायचं तर कमिटीत असाही विचार होता की बोर्ड काढून त्या कोपऱ्यात खुर्च्या रचून ठेवाव्यात. रोज खेळणारे चार-पाचच जण आहेत.

बी-३०२ (१.४८)
सेक्रेटरी साहेब, हे वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. जरा मोठं लिहिते, कृपा करून सगळ्यांनी वाचा.
मी लालबागच्या चाळीत वाढले. बाबा गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबांना सकाळी उठून जायला जागा उरली नाही. आमच्या गॅलरीत पिंपावर एक बोर्ड ठेवलेला असायचा, वर पत्र्याची टोपी घातलेला ६०चा बल्ब. संपाचे महिने बाबांनी त्या बोर्डशी काढले. त्यांनीच मला शेजारी स्टुलावर बसवून स्ट्रायकर धरायला शिकवलं. मुलगी आहे, हिला कशाला, असं शेजारचे म्हणायचे. बाबा म्हणायचे, बोटं तिचीही दहाच आहेत. माझ्या उजव्या तर्जनीचं नख तेव्हा फुटलं, ते आजही वाकडंच वाढतं. रात्री खेळ संपला की ते बोर्ड आत आणून पलंगाखाली सपाट ठेवायचे. भिंतीला तिरका टेकवला तर बाक येतो, म्हणून. घरात माणसांना पाय पसरायला जागा नव्हती, पण बोर्डला होती.
चार-पाच जण खेळतात हे खरं. पण त्यात चिनू आहे. बारा वर्षांची पोर रोज पाच ते सहा एकटी बसून कट मारायचा सराव करते. चेन्नईची एम. काझिमा २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाला वर्ल्ड कपमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली तेव्हा १७ वर्षांची होती. तिचे वडील रिक्षा चालवतात. चिनू तिथे पोचेल की नाही हा मुद्दाच नाही. तिला रोज एक तास नीट बोर्ड मिळावा, एवढंच मी मागतेय. खुर्च्या जिन्याखालीही राहतील.

बी-४०४ (२.१०)
ताई, मनगटाचं सोडून द्या. जिन्याखालची जुनी सायकल माझीच आहे. उद्या सकाळी हलवतो, खुर्च्या तिथे ठेवा.

ए-२०४ काकू (२.१६)
आमच्या सुताराशी बोलले. आधी तीन-चार दिवस सावलीत सपाट वाळू द्या म्हणाला, उन्हात ठेवू नका. मग घासून पॉलिश करून देईल. रविवारपर्यंत मात्र होणार नाही. बोर्डसाठी जाड कापडाची खोळ मी शिवते, माप सांगा.

बी-३०२ (२.२५)
काकू, खूप बरं वाटलं. खेळायची जागा साधारण ७४ सेंटिमीटर चौरस असते, पण खोळ फ्रेमसकट हवी. संध्याकाळी टेप घेऊन येते, दोघी मिळून मोजू.
रविवारची फायनल माझ्या घरच्या बोर्डवर घेऊ. बाबांचाच आहे. जुना आहे, पण सपाट आहे.

सेक्रेटरी (संध्याकाळी ६.४०)
बोर्ड पाहिला. चिनू तिथेच बसली होती, डागाच्या कडेवर बोट फिरवत. बोर्ड काढायचा विषय माझ्याकडून मागे घेतो. पॉलिशचा खर्च सोसायटी करेल, काकू नाही.

सी-१०१, चिनूचे बाबा (७.०२)
चिनू लिहितेय: काकू मोदक छान होते. ताई, मी अर्धा गोल झाकणार नाही. एक काळी सोंगटी हरवली होती ना, ती गणपतीच्या मखरामागे सापडली.

बी-३०२ (७.०६)
शाब्बास चिनू. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि राणी मोजून पिशवीत भर. रविवारी सकाळी नऊला माझा बोर्ड खाली न्यायला दोन माणसं हवीत. लिफ्टमध्ये आडवा मावत नाही, जिन्याने न्यावा लागेल.

ए-५०१ काका (७.०९)
एक मी.

बी-४०४ (७.१०)
काका, तुम्ही दार धरा. मी आणि चिनूचे बाबा उचलतो.