नवीन गेमिंग कन्सोल : कुठला घ्यायचा, आणि एवढे पैसे घालायचे का?

पेठेतला_गडी :
जीटीए ६ या गेमची तारीख १९ नोव्हेंबर २०२६ जाहीर झाल्यापासून आमच्या ग्रुपवर रोज एकच विषय, सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) का मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, त्यात आता कुणीतरी निंटेंडोचा स्विच २ पण घुसवलाय. माझं मत स्पष्ट हाय, घेणार असाल तर डिस्क ड्राइव्हवाला (ज्यात गेमची डिस्क घालता येते तो) घ्या आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून तर अजिबात घेऊ नका. पीएस५ प्रो (त्याचा तगडा अवतार) चं काय झालं बघा की, नोव्हेंबर २०२४ ला आला, अमेरिकेत ७०० डॉलर, तोही डिस्क ड्राइव्हशिवाय, इथं पोरं महिनाभर फ्रेम रेटवरनं (सेकंदाला किती चित्रं दिसतात) भांडत बसली आणि भारतात तो तेव्हा आलाच नाही, कारण त्यातलं वायफाय ज्या ६ गिगाहर्ट्झ बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) चालतंय त्याला आपल्याकडं तेव्हा परवानगी नव्हती.

खरा खर्च कन्सोल घरात आल्यावर सुरू होतोय. एप्रिल २०२४ ला पीएस५ स्लिम (त्याची बारीक आवृत्ती) भारतात आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० रुपये आणि डिजिटल (डिस्क नाही, गेम डाउनलोडच करायचा) ४४,९९०. दहा हजार वाचतात म्हणून लोक डिजिटल उचलतात, पण नवीन मोठा गेम चार-पाच हजाराचा. डिस्क असली की खेळून झाल्यावर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात नेऊन द्यायची, दुकानदार मोबाईलच्या टॉर्चखाली तिरकी धरून ओरखडे बघतोय, मग रोख देतोय नाहीतर वर थोडे पैसे घेऊन दुसरा गेम हातात ठेवतोय. डिजिटल गेम ना विकता येत ना मित्राला देता येत. चार-पाच गेमात वाचवलेले दहा हजार गेलेच म्हणून समजा.

शाहूपुरी_एक्सप्रेस :
दादा, हे गणित दर दोन-तीन महिन्याला नवा गेम घेणाऱ्याचं झालं. आमच्यासारख्या नवीन नोकरीवाल्यानं काय करायचं? एक्सबॉक्स सिरीज एस नोव्हेंबर २०२० ला ३४,९९० ला आला, डिस्क नाही हे मान्य, पण गेम पास (एक्सबॉक्सची महिन्याची वर्गणी) घेतला की शेकडो गेम, एकसुद्धा विकत घ्यायला लागत नाही. मी तर असले गेम खेळलो जे पाच हजार देऊन कधी घेतलेच नसते.

पेठेतला_गडी :
भावा, भाड्याच्या घराचं भाडं घरमालक ठरवतोय. गेम पास अल्टिमेट, म्हणजे त्यातला वरचा प्लॅन, ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत २० डॉलरवरनं थेट ३० वर नेला, नवीन घेणाऱ्याला आपल्याकडंपण वाढवला. महिना भरायचा थांबलास की शेकडोतला एक पण गेम तुझा राहत नाही. आणि ज्या गेमसाठी एक्सबॉक्स घ्यायचा तेच आता तिकडं चाललेत, फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांच्या रेसचा गेम एप्रिल २०२५ ला पीएस५ वर आला की.

करवीर_गेमर :
दोघांचं वाचलं, पण "थोडं थांब, स्वस्त होईल" असं ग्रुपवर सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. तो काळ गेला. पीएस३ २००६ ला अमेरिकेत ६०० डॉलरपर्यंत होता आणि २००९ ला स्लिम ३०० ला मिळत होता. पीएस५ चं उलटं झालं, फेब्रुवारी २०२१ ला इथं ४९,९९० ला आला आणि दोन वर्षं व्हायच्या आत ५४,९९० झाला, अमेरिकेतसुद्धा ऑगस्ट २०२५ ला ५० डॉलर वाढवले. ज्यांनी हाईप हाईप म्हणत पहिल्या दिवशी घेतला त्यांनीच पैसे वाचवले आणि एवढी वर्षं खेळले ते वेगळं. सणाच्या सेलला चार-पाच हजार उतरतात तेवढेच, त्यासाठी थांबा, वर्षानुवर्षं नको.

दोन_पोरांची_आई :
माझ्या घरात स्विच २ चा हट्ट चालू आहे. जून २०२५ ला आला आणि चार दिवसात ३५ लाख खपला हे मुलाने मला पाठ म्हणून दाखवलं. घ्यावा का?

पेठेतला_गडी :
ताई, खप बघून घेऊ नका. निंटेंडो भारतात अधिकृत विकत नाही, जो मिळतोय तो बाहेरनं आणलेला, दुकानदार म्हणेल ती वॉरंटी. बिघडला तर कुणाच्या दारात जाणार? आला तेव्हा अमेरिकेतली किंमत ४५० डॉलर, इथं त्यावर दुकानदार किती चढवणार त्याला धरबंद नाही.

शाहूपुरी_एक्सप्रेस :
पण ताई, दुसरी बाजू पण ऐका. स्विच २ चे दोन जॉयकॉन (बाजूचे छोटे कंट्रोलर) वेगळे करून दोघं पोरं पहिल्या दिवसापासनं एकत्र खेळतात, पीएस५ ला दुसरा कंट्रोलर म्हणजे अजून सहा हजाराच्या आसपास. आणि स्वतःची स्क्रीन असल्यानं टीव्ही अडकून पडत नाही, घरात मालिका बघणारी माणसं असतील तर हे लई मोठं काम हाय.

दिलबहार_फॅन :
तुम्ही सगळे जीटीए धरून बसलाय. कोल्हापुरात निम्मी पोरं कन्सोल घेतात ती फुटबॉलसाठी. शाहू स्टेडियमवर मॅच बघून यायचं, एकाच्या घरी सात-आठजण गोळा व्हायचं, हरेल त्यानं कंट्रोलर सोडायचा. एफसी २६ हा फुटबॉलचा गेम पीएस४ वरसुद्धा (पीएस५ च्या आधीचा) आला. जुना पीएस४, दोन कंट्रोलर आणि डिस्क, नव्या पीएस५ च्या निम्म्याहून कमी पैशात काम होतंय. आमच्या ग्रुपनं वर्गणी काढून तेच केलं, कुणाच्या घरात हप्ता चालू नाही. आठजणांना मिळून खेळायचं असताना एकट्यानं एवढे पैसे का घालायचे, हे मला कुणीतरी सांगा.

करवीर_गेमर :
कारण जीटीए ६ पीएस४ वर येणार नाही, भावा. फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस.

दिलबहार_फॅन :
मग वर्गणी परत काढू, पण डिस्कवालाच. पीएस४ च्या डिस्क त्यात चालतात.