पुस्तकातल्या दुपानी चित्रासाठी समुद्रातलं वादळ तैलरंगात: फळी, लाटा, छपाई

ऐरोली_कुंचला
नमस्कार मंडळी. किशोरांच्या ऐतिहासिक कादंबरीसाठी दुपानी चित्र करायचं आहे: कोकण किनाऱ्यासमोर वादळात सापडलेलं गलबत. प्रकाशकांना तैलरंगच हवेत. मिटलेलं पुस्तक ७ × ९.५ इंच, कागद मॅपलिथो (बिनचकाकीचा, शाई शोषणारा), पर्फेक्ट बाइंडिंग (पानं कण्याला गोंदाने चिकटवलेली). मुदत चार आठवडे, तीही ऐन पावसाळ्यात. मूळ चित्र केवढं आणि कशावर करावं? लाटांच्या अभ्यासाला ठाण्याची खाडी चालेल का? जाड रंगाची चकाकी फोटोत येऊ नये म्हणून काय करतात?

नेरूळचा_ईझल
कॅनव्हास नको. चित्र लहान करून छापलं की कापडाची वीण आभाळाच्या सपाट भागात जाळीसारखी उठते. ६ मिमीची एमडीएफ फळी घ्या, जेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा. मागची बाजू आणि कडाही रंगवा, नाहीतर उघडी बाजू ओल ओढते आणि फळी वाकते.

माप छापील आकाराच्या दीडपट. उघडलेली पानं १४ × ९.५ इंच, कापणीसाठी चारी बाजूंना ३ मिमी धरून साधारण १४.२५ × ९.७५. दीडपट म्हणजे २१.४ × १४.६. २४ × १८ची फळी घेऊन आत ही चौकट आखा. याहून फार मोठं केलंत तर छापताना फेसाचे बारीक तुषार दिसेनासे होतात.

खालचा थर बर्न्ट अंबरचा, टर्पेंटाइनने पातळ केलेला. अंबरमधल्या मँगनीजमुळे तेल लवकर वाळतं. आयव्हरी ब्लॅक फार रेंगाळतो, म्हणून गडदासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळा. पुढच्या थरांत अल्किड मीडियम (तैलरंग लवकर वाळवणारं मिश्रण) घाला. पातळ थर एरवी दिवसभरात हाताला कोरडा लागतो, आत्ताच्या हवेत दोन-तीन दिवस धरा. वरचा थर खालच्यापेक्षा तेलकट असायला हवा, उलटं झालं की भेगा पडतात. फेसाचा जाड पांढरा सगळ्यात शेवटी, टायटॅनियमचा. झिंक व्हाइट नको, तो ठिसूळ होतो.

वाळवायला उष्णतेपेक्षा खेळती हवा आणि उजेड महत्त्वाचा. पंखा लावा, फळी कपाटात कोंडू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. पावसामुळे खिडक्या बंद असतील तर टर्पेंटाइन वापरताना एक तरी उघडा. तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाणी भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

खाडीपलीकडे
खाडीवर जरूर जा, पण रंगासाठी. गाळाने आलेला तो मातकट करडा किनाऱ्याजवळच्या पाण्याला शोभतो. लाट मात्र तिथे शिकू नका. अरुंद, उथळ पाण्यात वाऱ्याला जोर धरायला अंतरच मिळत नाही, म्हणून लाट आखूड राहते. मरीन ड्राइव्हवरची उसळीही नको. ती भिंतीवर आपटून उभी उडते, उघड्या समुद्रात पाणी तसं उडत नाही.

खुल्या समुद्रात लाटेची वाऱ्याकडची पाठ लांब उताराची आणि पुढची बाजू उभी असते. उंची लांबीच्या एक सप्तमांशाजवळ गेली की माथा फुटतो. फेसाच्या रेघा वाऱ्याच्या दिशेने, लाटेच्या चढउतारावरून वळत जातात. बहुतेक चित्रं इथेच फसतात: रेघा वाटेल तशा ओढल्या की पाणी उकळतंय असं दिसतं. कच्च्या रेखाटनावर वाऱ्याचा एक बाण काढून ठेवा. रेघा, तुषार, निशाण, सगळं त्या बाणाप्रमाणे.

समुद्रचित्रांसाठी प्रसिद्ध रशियन चित्रकार आयवाझोव्स्कीच्या १८५०च्या ‘नवव्या लाटे’त उजेड समोरून, पाण्याच्या मागून येतो, म्हणून माथ्याजवळचं पातळ पाणी हिरवं उजळतं. तुम्हाला तो हिरवा हवा असेल तर आभाळाची फट लाटेच्या मागेच ठेवा. सावलीतला फेस पांढरा नसतो. तो निळसर करडा, पुष्कळदा आभाळाहून गडद.

गलबताला साधारण दोन डोलकाठ्या, मोठीवर एक मोठं त्रिकोणी शीड आणि ४०–५० वल्ही. वादळात टम्म फुगलेलं शीड दाखवू नका, डोलकाठीच मोडेल. शीड उतरवलेलं, वल्ही आत ओढलेली, नाळ (गलबताचं पुढचं टोक) लाटेला तिरकी. प्रसंग कोणत्या महिन्यातला आहे?

ऐरोली_कुंचला
हस्तलिखितात आषाढ आहे.

खाडीपलीकडे
मग लेखकांशी बोला. पावसाळ्यात आरमार बंदरात छावणीला असे, गलबतं नारळी पौर्णिमेनंतर बाहेर पडत. अरबी समुद्रातली चक्रीवादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली. ‘निसर्ग’ चक्रीवादळही ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलं. कार्तिक केला तर प्रसंग पटेल.

प्लेटमेकर_वाशी
मॅपलिथो शाई पितो, छपाईतला शाईचा ठिपका पसरतो, आणि चित्रातले चार गडद टप्पे छापून जेमतेम दोन उरतात. म्हणून गलबत काळ्या ढगावर काढू नका, त्याच्या मागे फिका फेस किंवा उजळ आभाळ ठेवा. रेखाटनाचा कृष्णधवल फोटो मोबाइलवर अंगठ्याएवढा करून पाहा. त्यात गलबत चटकन दिसत नसेल तर रंगवायला घेऊ नका. थॅलो हिरवा आणि निव्वळ अल्ट्रामरीन चार रंगांच्या छपाईत मरगळतात. हिरव्यासाठी व्हिरिडियनमध्ये रॉ सिएना मिसळा.

या बाइंडिंगमध्ये मधला भाग पानांच्या सांध्यात गडप होतो. चेहरे आणि डोलकाठ्या मूळ चित्रात मध्यरेषेपासून ३ सेंमी तरी दूर ठेवा, लाटेची पाठ तिथून खुशाल जाऊ द्या.

फोटोला ३०० डीपीआयने साधारण ४,२७५ × २,९२५ पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो. ट्रायपॉड, एफ ८, आयएसओ १००, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत एकेक दिवा. दिव्यांपुढे पोलरायझिंग फिल्म लावा, लेन्सवर पोलरायझर (चकाकीचा प्रकाश अडवणारी काच). तो फिरवत गेलात की एका जागी चकाकी पूर्ण जाते. तिथून तो किंचित उलटा फिरवा, कारण चकाकी साफ गेली तर जाड फेस सपाट दिसतो. गडद भाग मध्येच निस्तेज पडले असतील तर फोटोआधी रीटच व्हार्निशचा (रंग पूर्ण वाळण्याआधी चालणाऱ्या पातळ व्हार्निशचा) एक हात द्या, पण रंग हाताला कोरडा झाल्यावरच. शेवटचं व्हार्निश सहा महिन्यांनी.

चौकटीबाहेर रंगपट्टी ठेवून फोटो घ्या, मूळ फाइल १६ बिट टिफमध्ये जपा आणि छापखान्याकडून त्या कागदाचं प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात याची फाइल) घेऊनच सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांमध्ये, रूपांतर करा. प्रूफ (छपाईआधीची नमुना प्रत) मॅपलिथोवरच मागा. गुळगुळीत, चकाकणाऱ्या आर्ट पेपरवरचं प्रूफ पाहून मंजुरी दिलीत तर छापील प्रतीत ढग काळा गोळा होऊन येईल.