मदत हवी आहे: प्रेडनिसोलोन कमी करताना आईला होणारा त्रास

नमस्कार मंडळी. आईला (वय ६८) पॉलिमायाल्जिया रुमॅटिका (खांदे, कंबर दुखून आखडण्याचा आजार) आहे. खांदे इतके आखडायचे की स्वतःचे केस विंचरता येत नव्हते. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) १५ मिग्रॅ सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी बाई स्वतः वेणी घालून बसल्या होत्या! आता चार महिन्यांनी डोस ९ वर आलाय, दर महिन्याला १ मिग्रॅ कमी करायचा आहे.

मध्यंतरी कुणीतरी 'स्टेरॉइड म्हणजे विष' असं तिच्या डोक्यात भरवलं आणि तिने आम्हाला न सांगता गोळी एकदम बंद केली. दोन दिवसांत चक्कर, मळमळ, उठायचंही त्राण नाही. डॉक्टर म्हणाले, बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणं कमी करते, तिला जागं व्हायला वेळ लागतो. गोळी लगेच पुन्हा सुरू केली.

आता प्रश्न. डोस उतरवला की आठवडाभर अंग दुखतं. हे दुखणं उलटलंय की नुसता डोस कमी झाल्याचा परिणाम, हे तुम्ही कशावरून ओळखलंत? दुसरं, उपाशीपोटी साखर १०५, पण संध्याकाळी २३० च्या पुढे. सकाळी गोळी घेणाऱ्या आणखी कुणाला असं झालंय का? जेवणाच्या वेळा बदलून फरक पडला? कॅल्शियम, ड जीवनसत्त्व चालू आहे.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जातोय, डोसला आपल्या मनाने हात लावणार नाही. फक्त अनुभव हवेत. आणि कृपा करून 'सगळं बंद करून काढा द्या' नको, तो प्रयोग झालाय.